न्यूट्रलकाकांचा रविवार

डोंबिवलीहून ठाण्याला जाणारा रस्ता सपाट आहे असं ज्यांना वाटतं, ते आमच्या काकांच्या मागे कधी बसलेले नाहीत. मी बसलेलो आहे. मानपाडा, काटई, शीळफाटा, मुंब्रा, कळवा आणि मग वागळे इस्टेट, एवढ्या रस्त्यात जमीन कुठे कुठे खाली जाते हे मला आजही डोळे मिटून सांगता येईल. कारण जमीन जराशी खाली गेली रे गेली की काका इंजिन बंद करायचे. गाडी न्यूट्रलमध्ये. फटफट थांबायची, वारा ऐकू यायला लागायचा आणि काका मान तिरकी करून म्हणायचे, "हे फुकट चाललंय बरं का."

म्हणून ऑफिसात त्यांचं नाव न्यूट्रल. अर्थात पाठीमागे. तोंडावर सगळे काकाच म्हणत, मीसुद्धा. खरं नाव सांगत नाही. त्यांचे नातेवाईक अजून डोंबिवलीत आहेत आणि डोंबिवलीतले लोक छापलेलं सगळं वाचतात.

मी नुकताच कंपनीत लागलेलो. पंप बनवायची कंपनी, काका स्टोअर्सचे प्रमुख आणि मी त्यांच्या हाताखाली. ते माझ्याच गल्लीच्या टोकाला राहतात हे कळल्यावर मी हुरळून गेलो. रोज सकाळी साहेबाच्या मागे बसून ऐटीत जायचं, आणखी काय पाहिजे! पहिल्याच दिवशी त्यांनी मला आपादमस्तक न्याहाळलं, एखाद्या बापाने सोयरिकीसाठी न्याहाळावं तसं, आणि म्हणाले, "वजन बरं आहे. न्याहारी काय केलीस?"

"पोहे."

"उद्यापासून ऑफिसात जाऊन कर."

मागे बसणाऱ्यासाठी त्यांचे नियम होते. गुडघे आत. शर्टाची बटणं गळ्यापर्यंत, कारण शर्ट फुगला की वारा अडतो. वारा समोरून असला तर मागच्याने पुढच्याच्या पाठीला चिकटून वाकायचं. आम्ही दोघं एकमेकांना चिकटून, माना खाली घालून, ताशी चाळीसच्या वेगाने शीळफाट्यावरून जायचो तेव्हा शेजारून जाणाऱ्या एसटीतले लोक खिडकीतून वळून वळून बघायचे. कळव्याच्या पुलाला चढ लागला की मला उतरवायचे. मी चालत पूल चढायचो, काका माथ्यावर थांबलेले असायचे. खाडीकडे बघत. मी पोचलो की इंजिन बंद, आणि पुढचा उतार फुकट.

पेट्रोल पंपावरच्या माणसाला तर ते नकोसे झालेले. पहाटे, हवा गार असताना जायचं, कारण गार पेट्रोल आकसतं आणि मापात जास्त बसतं, असं त्यांचं शास्त्र. भरून झालं की त्याच्या हातातली नळी स्वतः घ्यायची, ती मागपासून उंच धरत धरत आणायची आणि आतलं टिपूस न् टिपूस टाकीत झटकायचं. पंपवाला एकदा वैतागून म्हणाला, "काका, नळी पिळून देऊ का?"

"येईल पिळता?" काकांनी खरंच विचारलं.

पण त्यांची खरी कला तीन हात नाक्यावर दिसायची. तिथे आलं की ते टाकीखाली हात घालून पेट्रोलचा कॉक बंद करायचे. कार्बोरेटरमध्ये उरलेल्या घोटभर पेट्रोलवर गाडी पुढे जायची, वागळे इस्टेटच्या वळणांवरून रेंगाळत, आचके देत, आणि बरोबर कंपनीच्या गेटातून आत शिरल्यावर निंबाच्या झाडाखाली प्राण सोडायची. एक दिवस चुकलं नाही. गेटावरचा वॉचमन काकांना नाही, त्या गाडीला सलाम करायचा असा माझा दाट संशय आहे.

"ब्रेक मारणं म्हणजे जाळून झालेलं पेट्रोल परत जाळणं," हे त्यांचं एक वचन. दुसरं, "घाई ही श्रीमंतांची चैन आहे, आपण लवकर निघावं."

या सगळ्यात एक भोक होतं, आणि ते ऑफिसातल्या कोणालाही दिसण्यासारखं होतं. एवढी बचतच करायची तर डोंबिवलीचा माणूस रेल्वेचा पास का काढत नाही? पास पेट्रोलपेक्षा केव्हाही स्वस्त. कोणी विचारलं की काका म्हणत, "गर्दीत माणूसच जास्त जळतो." हे उत्तर कोणाला पटायचं नाही.

दुसरं भोक फक्त मला दिसलेलं. आठवडाभर आम्ही चिमण्यांसारखं पेट्रोल प्यायचो. शनिवारी संध्याकाळी काका टाकीचं झाकण उघडून गाडी हलवायचे, आत डुबुकडुबुक आवाज यायचा, आणि त्यांचा चेहरा असा फुलायचा की विचारू नका. सोमवारी सकाळी बघावं तर गाडी रिझर्व्हला! कुठे जातं हे पेट्रोल? ऑफिसात मी हे सांगितलं तेव्हा तर्कांना ऊत आला. काका पेट्रोल विकतात इथपासून मेहुणा नळी लावून ओढतो इथपर्यंत. मी एकदा धीर करून त्यांनाच विचारलं.

"रविवारी आम्ही टिटवाळ्याला जातो," काका म्हणाले. "गणपतीला. मी आणि काकू."

"टिटवाळ्याला एवढं लागतं?"

"देवाच्या कामात हिशेब करू नये."

हे खरं असावं, कारण रविवारी सकाळी मी त्यांना निघताना बघितलेलं. पहिल्या मजल्याच्या गॅलरीत त्यांच्या आई बसलेल्या असत. सोवळ्याओवळ्याच्या, करारी नजरेच्या. काकू डोक्यावरून पदर घेऊन, एका अंगाने, मान खाली घालून मागे बसायच्या. काका गाडी सुरू न करता गल्लीच्या उतारावर सोडायचे. वरून आई म्हणायच्या, "सावकाश जा रे!" आणि ती जोडी देवळातल्या पालखीसारखी आवाज न करता कोपऱ्यावरून दिसेनाशी व्हायची. संध्याकाळी प्रसादाचा पेढा माझ्याकडेसुद्धा यायचा. मी डोळ्यांना लावून खायचो.

काकू ठाण्याच्या खाडीकाठच्या कोळीवाड्यातल्या. हे लग्न काकांनी आईच्या मनाविरुद्ध केलेलं आणि त्या काळी गल्लीला ते महिनोन् महिने पुरलेलं, असं माझी घरमालकीण सांगायची. आता काकू इतकं शुद्ध आणि हळू बोलायच्या की कोणाला सांगून खरं वाटलं नसतं. "बस रे, चहा टाकते," यापलीकडे मी त्यांचं वाक्य ऐकलेलं नव्हतं.

मग आखातात युद्ध पेटलं, पेट्रोल कडाडलं आणि आमच्या न्यूट्रलकाकांना एकाएकी राष्ट्रीय महत्त्व आलं. इतके दिवस त्यांची सगळ्यात जास्त टिंगल करायचे ते आमचे मॅनेजरसाहेब. स्वतःची मोठी गाडी, तीत एकटेच बसून यायचे. काका दिसले की मोठ्याने म्हणायचे, "या! अरबांच्या पोटावर पाय देणारा माणूस आला!" काका हसायचे. पण स्टोअर्समध्ये परत आल्यावर बराच वेळ उगाचच नटबोल्ट इकडचे तिकडे करत बसायचे. एकदा मला म्हणाले, "कंजूष म्हणतात रे मला. कंजूष वेगळा आणि कसबी वेगळा. एकदा चारचौघांत दाखवून द्यायला मिळालं पाहिजे." किती तरी वर्षं ते कंपनीच्या मागे लागलेले, इंधन बचतीची स्पर्धा घ्या म्हणून. आता वरूनच बचतीचं फर्मान आलं आणि मॅनेजरसाहेबांनी भर कँटीनमध्ये जाहीर केलं, "घेतो स्पर्धा. काका, तुम्ही जिंकलात तर कप देताना सगळ्यांसमोर मी माझे शब्द परत घेईन. हरलात तर मात्र आयुष्यभर न्यूट्रल!"

पहिल्यांदाच तो शब्द त्यांच्या तोंडावर उच्चारला गेला. कँटीन हसलं. काका पाण्याचा ग्लास खाली ठेवून म्हणाले, "चालेल."

स्पर्धा अशी: प्रत्येक मोटारसायकलच्या टाकीचा कॉक बंद करून त्यावर चिकटपट्टी. हँडलला एक बाटली टांगायची, सगळ्यांना सारखंच पेट्रोल, आणि नळीने ते थेट कार्बोरेटरला. दवाखान्यात सलाईन लावतात तसं. मागे एक माणूस बसवणं सक्तीचं. वागळे इस्टेटमधून निघायचं, कळवा, मुंब्रा, शीळफाटा आणि तिथून कल्याणकडे. ज्याची बाटली सगळ्यात लांब जाऊन संपेल तो जिंकला. दिवस ठरला रविवारचा, कारण बाकी दिवस पंप बनवायचे होते.

मागे कोण बसणार हा प्रश्नच नव्हता. पुढचे काही दिवस मी रात्रीचा भात सोडला. आणि शनिवारी घरी सोडताना काका खाली बघत म्हणाले, "अरे, उद्या तू नाहीस. काकू बसणार."

मला वाईट वाटलं. खरं सांगायचं तर संताप आला. शर्टाची बटणं गळ्यापर्यंत लावून घामाघूम मी व्हायचं, पूल मी चढायचा, आणि कपाच्या दिवशी काकू? वर साडीचा पदर, तो वारा केवढा अडवणार!

"काका, हराल तुम्ही."

"रविवार तिचा असतो रे," ते म्हणाले. "तो नाही मोडता येत."

मला निरीक्षक केलं. मित्राची स्कूटर घेऊन मी काकांच्या मागे राहायचं आणि बाटली कुठे संपली ते सांगायचं.

रविवारी सकाळी काका जे निघाले ते बघण्यासारखं होतं. मशीनशॉपमधली तरणी पोरं सुसाट पुढे गेली. काका डुलत डुलत. कळव्याच्या पुलाला चढ लागला तशा काकू आपणहून टुणकन उतरल्या आणि माझ्यापेक्षा दुप्पट वेगाने पूल चढून गेल्या. माथ्यावर दोघंही क्षणभर खाडीकडे बघत उभे. मग मुंब्र्यापर्यंत जिथे म्हणून उतार मिळेल तिथे इंजिन बंद. मुंब्र्याच्या पुढे एकेक स्पर्धक आम्हाला सापडायला लागला. त्यांच्या बाटल्या तळाला गेलेल्या. शीळफाट्याला आम्ही पोचलो तेव्हा मशीनशॉपचा शेवटचा पोरगा आमच्या मागे पडलेला, आणि काकांची बाटली निम्म्याच्या आसपास भरलेली! मी स्कूटरवरून ओरडलो, "काका, जिंकलात! कल्याणपर्यंत जाल!"

काकांनी गाडी बाजूला घेतली आणि थांबवली.

मला वाटलं काही बिघडलं. काकू खाली उतरल्या. रस्त्याच्या दोन्ही टोकांकडे त्यांनी एकदा बघितलं. मग डोक्यावरचा पदर काढला, कमरेला खोचला, आणि झटक्यात, माझ्या डोळ्यांदेखत, त्या पाचवारी साडीचा काष्टा मारला. आत काकांची जुनी पँट! काका मुकाट्याने मागे सरकले.

"अवो, नीट धरा," काकू म्हणाल्या. "मागल्या येलेस चष्मा पारलात."

आणि त्यांनी किक मारली.

त्या गाडीच्या गळ्यात तसला आवाज आहे हे मला माहीतच नव्हतं. शीळफाट्यापासून काटईपर्यंतचा सरळसोट रस्ता, दोन्हीकडे मोकळी शेतं, आणि त्यावरून काकू उभ्या जात होत्या. शब्दशः उभ्या. पायठेवणीवर पाय रोवून, सीटवरून उठून, केस सुटलेले. मागे काका डोळे गच्च मिटून, त्यांच्या पाठीला चिकटून, मान खाली घालून. मला शिकवलेल्या सगळ्या नियमांप्रमाणे. हँडलवरच्या बाटलीतलं पेट्रोल नळ सोडल्यासारखं खाली चाललेलं. माझी स्कूटर थरथरत होती, मी "काका! बाटली!" असं किंचाळत होतो, आणि ऐकायला कोणी जागेवर नव्हतं. मशीनशॉपचा पोरगा कुठे तरी मागे आपला रखडत येत होता.

काटई नाक्याच्या अलीकडे बाटली संपली. गाडी आचके देत एका चहाच्या टपरीपाशी थांबली. मी पोचलो तेव्हा काकू हसून हसून लाल झालेल्या आणि काका चष्मा पुसत होते.

"काय केलंत हे!" मी जवळजवळ रडकुंडीला आलेलो. "कप गेला!"

"गेला," काका म्हणाले. "चहा घे."

काकूंनीच मग सांगितलं. हँडल हातात आलं की त्यांची भाषा सरळ कोळीवाड्यात जायची आणि चहा संपेपर्यंत तिथेच राहायची. "माज्या बापसाची मशीनची होरी व्हती. ती मीच हाकाची, उबी रावून. यांनी मना पयलं तवाच बगितलं, कलव्याच्या पुलावरशी. लगीन झाला न् सगला बंद. मग एकदा यांना बोलले, मना कायतरी हाकाला पायजे, नाय तं मी याडी होईन. तं ही गारी आनली."

"आणि काकांच्या आई?"

"त्यांना कसा सांगाचा, सुनेला गारी पायजे म्हनून?" काकू काकांकडे बघून पुन्हा हसायला लागल्या. "यांनी सांगितलं, हापिसला जायाला आनली. पासापरीस स्वस्त परते, पेट्रोल वाचते. म्हातारी हाय हिशेबाची पक्की. रोज विचारी, किती वाचला रं आज? मग काय, वाचवाला लागला!"

मी काकांकडे बघितलं. वर्षानुवर्षं गळ्यापर्यंत बटणं, पूल, पंपावरची नळी, ताशी चाळीस. सगळं एका थापेला खरं करण्यासाठी!

"थाप नाही अगदी," काका गंभीरपणे म्हणाले. "पुढे पुढे आवडायला लागलं मला."

"आणि टिटवाळा?"

"गणपती सगळीकडे असतो."

"पेढे?"

त्यांनी टपरीशेजारच्या मिठाईच्या दुकानाकडे बोट दाखवलं. मी इतके दिवस डोळ्यांना लावून खाल्लेला प्रसाद तिथे काचेच्या कपाटात, माशी बसू नये म्हणून झाकून ठेवलेला होता.

तेवढ्यात मशीनशॉपचा पोरगा फटफटत आला, आम्हाला बघून चकित झाला, हात हलवून पुढे गेला आणि थोड्याच अंतरावर त्याचीही बाटली संपली. तो जिंकला. काकूंनी तोवर पदर डोक्यावर घेतलेला आणि त्या मान खाली घालून चहा पीत होत्या. तो वळणाआड गेल्यावर काकांनी टाकीवरची चिकटपट्टी काढून कॉक उघडला. "कप संपला," काकूंना म्हणाले, "तुझा रविवार अजून आहे." आणि ती दोघं कल्याणच्या दिशेने अशी गेली की टपरीवाल्याने हातातली किटली तशीच धरून बाहेर येऊन बघितलं.

सोमवारी आम्ही नेहमीसारखे निघालो. मी कळव्याला उतरलो, पूल चढलो. माथ्यावर काका खाडीकडे बघत उभे होते. आज मी पण बघितलं. खाली एक होडी चाललेली, वल्हवणारा कोणी म्हातारा होता.

"काल कशी चालवत होती, बघितलंस ना?" काका म्हणाले. आवाजात असला अभिमान की कप मिळाला असता तरी आला नसता. "मला भीती वाटते रे. दर रविवारी वाटते. तिला सांगू नकोस."

तीन हात नाक्यावर त्यांनी सवयीने कॉक बंद केला. पण आदल्या दिवशी काकूंनी टाकीत काही ठेवलंच नव्हतं. रिझर्व्हसुद्धा संपत आलेलं. गाडी निंबाच्या झाडापर्यंत पोचली नाही. गेटाच्या बऱ्याच अलीकडे, भर रस्त्यात, तिने मान टाकली. नेमका कामावर यायचा वेळ. सगळी कंपनी गेटापाशी जमलेली, मशीनशॉपचा पोरगा कप घेऊन मध्ये उभा, शेजारी मॅनेजरसाहेब. आम्ही दोघं गाडी ढकलत येताना दिसल्यावर जो काही जल्लोष झाला तो जिंकणाऱ्यासाठीसुद्धा झाला नसेल.

"न्यूट्रल! न्यूट्रल! न्यूट्रल!"

माझे कान तापले. सगळं ओठांवर आलेलं. शीळफाटा, काष्टा, उभ्या काकू. एक वाक्य बोललो असतो तर सगळ्यांची तोंडं बंद झाली असती. मी ढकलता ढकलता हळूच विचारलं, "काका, सांगू का यांना? निदान कंजूष तरी म्हणणार नाहीत."

काकांनी हँडलवरचा एक हात काढून, कप मिळाल्यासारखा, सगळ्या कंपनीला उंच करून दाखवला.

"म्हणू दे," ते हसत म्हणाले. "कंजूष माणसाच्या टाकीत कोणी डोकावत नाही."